चारशे बारा वेळा उपेक्षा

उत्पलाच्या गुडघ्यातून रक्त वाहत होतं आणि आई ते बघत होती. नुसती बघत होती.

कुलरच्या टाकीत पाणी भरताना उत्पला स्टुलावरून सटकली होती. जाळीचा लोखंडी कोपरा गुडघ्यात घुसला आणि तिनं असा गळा काढला की शेजारच्या गच्चीवरचे पारवे उडाले. नागपुरात मे महिन्याच्या भर दुपारी सावलीतले पारवे उडवायचे म्हणजे साधीसुधी किंकाळी नव्हे! स्वयंपाकघरातून आई आली. दारात उभी राहिली. हातात अर्धवट सोललेली काकडी.

"दुखतंय?"

"दुखतंय काय विचारतेस! फाटलाय गुडघा!"

"बघ त्याच्याकडे. बदलत राहील ते," आई म्हणाली आणि आत जाऊन उरलेली काकडी सोलू लागली. सालं एकसारखी, लांब लांब पडत होती.

उत्पलाचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. दुखायचं राहिलं म्हणून नाही. तिला भीती वाटली म्हणून.

कारण डॉ. विशाखा रामटेके ही बाई अशी नव्हतीच मुळी. उत्पलाला पाचवीत मधमाशी चावली होती तेव्हा हीच बाई एका पायात चप्पल घालून, मुलीला कडेवर घेऊन दवाखान्यात धावली होती आणि वाटेत झाडं लावणाऱ्यांपासून मध खाणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला होता. आई मानसोपचार करायची. जगाची मनं शांत करणारी बाई घरात तोफखाना असते, हा बाबांचा लाडका विनोद होता. बाबा रेल्वेत, बिलासपूरला. पंधरा दिवसांनी यायचे.

उत्पलानं स्वतःच गुडघा धुतला, स्वतःच पट्टी बांधली. मग बाबांना फोन लावला.

"बाबा, आईला काहीतरी झालंय. ती ओरडत नाही."

"काय सांगतेस! किती दिवस झाले?"

"सतरा."

"तुझी आई अन् सतरा दिवस शांत? थांब, मी इथे पेढे वाटतो."

"बाबा, मस्करी नाही नं. मी पडले तर ती काकडी सोलत बसली."

"अगं, ध्यानाचं ते नवीन यंत्र लावते नं ती? त्याचाच गुण असणार. तू पण लाव थोडं, तुझी बडबड कमी होईल." बाबा हसले. मागे कुठलीतरी मालगाडी भोंगा वाजवत गेली आणि फोन तुटला.

*

यंत्राबद्दल सांगायलाच हवं.

आईचा दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत होता. खोलीत दोन खुर्च्या आणि भिंतीशी दोन आसनं. तिची पद्धत तिची स्वतःची होती: आधी बोलायचं, मग बसायचं. पहिला अर्धा तास खुर्चीत. माणूस बोलायचा, आई ऐकायची, आणि आज साहेबावर येणारा राग खरं तर चाळीस वर्षांपूर्वीच्या वडलांवरचा आहे, असलं काही हळूहळू वर यायचं. मग दुसरा अर्धा तास आसनावर. श्वास, आणि त्यानंतर टाळूपासून तळपायापर्यंत एकेक अवयव. जे वर आलं ते अंगात कुठे जाऊन बसलंय ते बघायचं. पळायचं नाही, ढकलायचंही नाही. बुद्धविहारात वंदना म्हणत मोठी झालेली आई आणि मनोविश्लेषण शिकलेली आई, या दोघी त्या खोलीत एकत्र बसायच्या.

सहा वर्षं तिच्या रुग्णांनी, त्यांच्या लेखी संमतीनं, कपाळाला एक मऊ पट्टा बांधला. हा पट्टा फक्त वाचायचा. डोक्यात कुठे रक्ताचा ओघ वाढला, कुठल्या भागांनी एकमेकांशी ताल धरला, त्याचा आलेख काढायचा. रुग्ण गेला की आई आलेख बघत बसायची आणि महत्त्वाच्या जागी एकेक शब्द बोलायची. राग. आठवण. लाज. करुणा. संगणक तो शब्द टिपून घ्यायचा. अशा अकराशे बैठकी झाल्या.

त्या आलेखांवरून एका कंपनीनं दुसरा पट्टा बनवला, आणि हा नुसता वाचत नव्हता. आवाजाच्या इतक्या बारीक लहरी, की कानाला ऐकू येऊ नयेत, तो मेंदूत खोलवर एखाद्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेवर सोडायचा. तिथल्या पेशी थोड्या जाग्या व्हायच्या किंवा थोड्या झोपायच्या. पट्टा बघायचा: या माणसाचं मन आत्ता कुठे आहे? कुठे न्यायचंय? आणि हलकेच तिकडे ढकलायचा. वीस वर्षं आसनावर बसून जे साधायचं, ते एकवीस दिवसांत. बाविसाव्या दिवशी शेवटची, 'पक्की' बैठक. त्या चाळीस मिनिटांत ही नवी वाट मेंदूत कायमची मुरायची आणि मग पट्ट्याची गरजच उरायची नाही.

नऊ रुग्ण तयार झाले होते. दहावी आई स्वतः. "मी घेतल्याशिवाय औषध दुसऱ्याला देणार नाही," ती म्हणाली होती. त्या दिवशी ती चांगलीच तावातावानं बोलत होती. तेव्हा तिला ताव यायचा.

पहिला आठवडा तर मजेतच गेला. दहावीच्या निकालात गणिताला चौसष्ट बघून आई म्हणाली, "ठीक." उत्पलानं मैत्रिणींना पार्टीच दिली! दुसऱ्या आठवड्यात दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली टपकत होतं आणि आई शेजारी उभी होती. तिसऱ्या आठवड्यात गुडघा.

आणि बाविसावा दिवस होता रविवार. सकाळी दहा वाजता.

*

शनिवारी निनाद काळमेघचा फोन आला. निनाद कंपनीचा माणूस, मूळ अमरावतीचा, पट्टे बसवून द्यायचा आणि येता-जाता उत्पलाला चिडवायचा. पक्क्या बैठकीआधी मॅडमनी सगळ्या शब्दांच्या खुणा एकदा तपासून सही करायची, असा नियम होता.

आईनं फोन ऐकला, ठेवला आणि टॅब उत्पलाकडे सरकवला. "तू टिक करून टाक."

"मी? आई, हे तुझं काम आहे!"

"कुणीही केलं तरी चालेल."

सहा वर्षं या खोलीच्या वहीला कुणी हात लावला तर आकाशपाताळ एक करणारी आई. उत्पलाच्या मानेवरून थंडगार काहीतरी सरकलं. कुलर तर बंद होता.

टॅबवर रुग्णांची नावं नव्हती, त्यांचं बोलणं नव्हतं. फक्त शब्द, त्यापुढे आईच्या आवाजाचा एक सेकंदाचा तुकडा आणि टिक करायचा चौकोन. उत्पला भराभर टिकत गेली. राग, राग, लाज, आठवण. यादीच्या शेवटी होतं: 'उपेक्षा, ४१२ वेळा. मुख्य लक्ष्य.'

तिनं सहज एक तुकडा वाजवला. आईचा थकलेला आवाज आला: "उपेक्षा." टिक. पुढचा वाजवला.

"उपेक्खा."

उत्पलाचं बोट हवेतच राहिलं. तिनं तो परत वाजवला. उपेक्खा. क्ख. स्पष्ट, अगदी रविवारी विहारात म्हणतात तसा. शेजारी लिहिलेलं होतं: उपेक्षा.

तिनं तिसरा वाजवला, चौथा, दहावा. काहींत 'क्ष', काहींत 'क्ख'. लिहिताना सगळीकडे 'क्ष'. संगणकाला मराठी येत होती, वंदनेतली पाली येत नव्हती. अनोळखी शब्द आला की तो जवळचा मराठी शब्द लिहून मोकळा होत होता.

आता उत्पला काही वंदनेला मन लावून बसणारी मुलगी नव्हती, तिचं अर्धं लक्ष शेजारणीच्या कानातल्यांकडे असायचं. तरी एवढं तिला पाठ होतं: मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्खा. उपेक्खा म्हणजे सुख आलं तरी न हुरळणारं, दुःख आलं तरी न कोसळणारं, पण माणसाचा हात न सोडणारं मन. ते आसनावर सापडायचं. आणि खुर्चीत? खुर्चीत आई 'उपेक्षा' म्हणायची ती साध्या मराठीत. लहानपणी ज्यांच्याकडे कुणी बघितलंच नाही, त्यांची उपेक्षा.

अशा बाळांबद्दल आईनंच एकदा सांगितलं होतं. हाक मारून कुणी येत नाही असं बाळ काही दिवस रडतं. मग थांबतं. बाहेरून फार शहाणं बाळ दिसतं. आत ते मालवलेलं असतं.

उत्पलानं वेगवेगळे मोजले. 'क्ख' एकशे चौऱ्याहत्तर. 'क्ष' दोनशे अडतीस. यंत्रानं दोन्ही एकच समजून कालवले होते आणि जड पारडं मालवलेल्या बाळांचं होतं. आईला ते शांत करतच नव्हतं. ते तिला तिकडे नेत होतं.

तिनं लगेच निनादला फोन लावला.

"निनाददादा, उपेक्षा म्हणजे काय समजता तुम्ही लोक?"

"काय म्हणजे? तटस्थपणा नं? अलिप्त. का गं, शब्दकोडं सोडवून रायली का?"

तिनं सगळं सांगितलं. 

"बाप रे," निनाद हळूच म्हणाला. "पण उत्पला, नऊच्या नऊ लोकांच्या फॉर्मवर लिहून आहे, त्रास शून्य. रडणं शून्य. एकानंही तक्रार नाही केली."

"कसे करतील? ते तक्रार करायचंच विसरलेत!"

"मला थांबवता येत नाही गं. सही मॅडमची लागते. तू फक्त त्यांना सांग. त्या हुशार आहेत, दोन मिनिटांत समजेल त्यांना."

*

आईला दोन मिनिटंही लागली नाहीत.

रविवारी सव्वानऊला, आंघोळ करून, केस विंचरून ती दवाखान्यात बसली होती. उत्पला रात्रभर ठरवत होती तसं सगळं नीट, न रडता बोलली. आवाजाचे तुकडे वाजवून दाखवले. आकडे दाखवले. आईनं टॅब हातात घेतला, चारपाच तुकडे ऐकले, आलेख उघडून दोन बोटांनी मोठा केला.

"बरोबर आहे तुझं," आई म्हणाली. "छान शोधलंस. चूक मोठी आहे."

उत्पलाच्या छातीवरचा दगडच खाली पडला. "हो नं? मग कर निनाददादाला फोन!"

आईनं टॅब टेबलावर ठेवला. कडा टेबलाच्या कडेला समांतर केली. "दहाला येईलच तो."

"आई, तो बैठक द्यायला येतोय! ती झाली की हे कायमचं होणार. तुला काही वाटणारच नाही कधी. माझ्याबद्दलपण."

"हो. तसंच होईल."

"आणि ते नऊ जण?"

"त्यांचंही."

"मग थांबव नं!"

आई तिच्याकडे बघत होती. डोळे स्वच्छ, कपाळावर एकही आठी नाही. तोंडावर पांघरूण नसलेल्या मृत माणसाकडे बघावं तशी उत्पलाला तिच्याकडे बघायची भीती वाटली.

"थांबवायलासुद्धा काहीतरी वाटावं लागतं, बेटा," आई म्हणाली. "मला सगळं कळतंय. वाटत काहीच नाही."

मग उत्पला ओरडली. भांडली. कपाटावर लाथ मारली. पट्टा उचलून खिडकीतून फेकून दिला. आई म्हणाली, "निनादकडे दुसरा असतो." शेवटी ती जमिनीवर बसून हमसून हमसून रडली, आणि रडता रडता तिला जाणवलं की आपण चोरून आईकडे बघतोय, ती येते का ते. आई येत नव्हती. आणि हळूहळू उत्पलाचं रडणं आपोआप कमी होत चाललं होतं. उपयोग काय रडून?

हे मनात आलं आणि तिच्या अंगावर काटा आला. असंच! असंच तर मालवतात. पट्टा न लावता माझंही सुरू झालंय!

ती ताडकन उठली. घड्याळात नऊ चोवीस.

"आई, आपण बसूया का? पट्ट्याशिवाय. मी सांगते, तू कर. दहापर्यंत."

"चालेल," आई म्हणाली. तिला काहीही चालत होतं. तेवढीच एक गोष्ट उत्पलाच्या बाजूनं होती.

दोघी आसनांवर समोरासमोर बसल्या. आईनं डोळे मिटले. या खोलीचं दार बंद असायचं, पण पलीकडे अभ्यासाचं टेबल होतं, आणि भूमितीची प्रमेयं पाठ झाली नाहीत तेवढी आईची ही वाक्यं उत्पलाला पाठ होती. तिनं आईचाच सूर लावला.

"टाळूकडे लक्ष दे. काय आहे?"

"काही नाही."

"कपाळ?"

"काही नाही."

"गाल. ओठ. हनुवटी."

"काही नाही."

घसा, काही नाही. उजवा खांदा, काही नाही. प्रत्येक 'काही नाही' एकाच उंचीचा. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. नऊ छत्तीस.

"डावा खांदा. डावा दंड."

आई गप्प.

"दंड, आई. काय आहे?"

"दाब," आई म्हणाली.

 पुढे काय म्हणायचं असतं? खुर्चीतलं! आसनावरचं संपलं की खुर्चीतलं. "दाब... कुणाचा?"

"मावशीचा. तिनं धरलंय." आईचे डोळे मिटलेलेच. "भंडाऱ्याचा स्टँड. आईला गडचिरोलीची बदली. तिकडे मलेरिया आहे म्हणून मी मावशीकडे. आई एसटीत चढली. मी पळू नये म्हणून मावशीनं दंड धरलाय."

हे उत्पलानं कधीच ऐकलं नव्हतं. आजी गडचिरोलीला नर्स होती एवढंच तिला माहीत होतं.

"तू किती वर्षांची आहेस?"

"चार. तीन दिवस रडले. चौथ्या दिवशी नाही. मावशी सगळ्यांना सांगत होती, बघा किती शहाणी पोर." आईचा आवाज अजून सपाट होता, पण डावा हात पोटाशी ओढला गेला होता. "यंत्र मला तिथेच ठेवून आलंय."

उत्पला पुढे सरकली आणि तिनं आईचा तो दंड दोन्ही हातांनी धरला. घट्ट नाही. "हा माझा हात आहे. आता काय आहे तिथे?"

"जड."

"आता?"

"गरम."

"आता?"

 आईच्या हनुवटीला कंप सुटला. मग खांद्यांना. मग तिच्या घशातून एक आवाज आला, मोठ्या माणसाचा नव्हताच तो, आणि आई अशी काही थरथरायला लागली की आसन फरशीवर सरकलं. तिनं डोळे उघडले तेव्हा त्यांत फक्त भीती होती. निव्वळ, चार वर्षांच्या पोरीची. तिची नखं उत्पलाच्या मनगटात रुतली.

"जाऊ नको," ती म्हणाली. "मला भीती वाटतेय. जाऊ नको."

उत्पलाही घाबरली. आतलं वर आणायचं कसं हे तिनं दाराआडून ऐकलं होतं. परत शांत कसं करायचं, ते कधीच नीट ऐकू आलं नव्हतं. आपण आईचं काही कायमचं मोडून तर नाही ना टाकलं? आई थांबेचना. उत्पलाला एकच सुचलं. ती जागची हलली नाही. "इथेच आहे," म्हणत राहिली. "आई, मी इथेच आहे. वाटू दे भीती. इथेच आहे मी." किती वेळा म्हणाली कुणास ठाऊक.

बेल वाजली. दहा.

कुणी उठेना तेव्हा निनादनंच दार ढकललं, हातात पट्ट्याची पेटी. समोर मॅडम जमिनीवर, केस सुटलेले, नाक गळतंय, मुलीच्या गळ्यात पडलेल्या. तो उंबऱ्यावरच खिळला.

"थांबव," आई म्हणाली. आवाज फाटलेला होता. "सगळ्यांचं थांबव, निनाद. आत्ता. कागद दे, सही करते." सही करताना पेन दोनदा हातातून पडलं.

निनादनं तिथेच बसून फोनवरून नऊ पट्टे बंद केले. एकेक हिरवा ठिपका विझत गेला तसा आईचा श्वास वाढत गेला.

"पट्टे बंद झाले. आणि माणसं?" ती म्हणाली. "एकवीस दिवस, उत्पला! मी त्यांना कुठे नेऊन सोडलं गं? खोब्रागडे बाईंच्या घरी दोन लहान मुलं आहेत. फोन लाव, फोन लाव!"

उत्पलानं लावला. रिंग पूर्ण वाजली. परत लावला. कुणी उचलेना. उचलावंसं वाटायला हवं ना. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"जायला लागेल," आई म्हणाली. "प्रत्येकाच्या घरी. तिथे बसावं लागेल. चल. चल लवकर! पण मला गाडी नाही चालवता येणार, हात बघ माझे."

"मी चालवते."

"तू? तुझं लायसन्स शिकाऊ आहे!"

"मागे बस, आई."

उन्हानं रस्ता वितळायला आला होता. उत्पला वीसच्या वर गेली नाही, तरी आई प्रत्येक वळणाला किंचाळत होती. ट्रक आला की किंचाळायची, कुत्रं आलं की किंचाळायची. "हळू गं! अगं डावीकडे घे! दिसत नाही का तुला? मरशील नं बाई!" तिच्या दोन्ही हातांचा विळखा उत्पलाच्या पोटाभोवती इतका आवळला होता की श्वास घ्यायला जागा नव्हती. इंदोऱ्याच्या चौकात सिग्नल लाल झाला. शेजारचा रिक्षावाला वाकून म्हणाला, "ताई, आजी घाबरल्या का काय?"

"आजी कोण रे!" आई गरजली. आणि लगेच, अगदी बारीक आवाजात, उत्पलाच्या पाठीला तोंड लावून म्हणाली, "खोब्रागडे बाईंनी दार नाही उघडलं तर?"

उत्पलालाही तेच वाटत होतं. मागे आईचं काळीज धडधडत होतं, ते पाठीतून सरळ ऐकू येत होतं.

"तर वाजवत राहू," ती म्हणाली. सिग्नल हिरवा झाला.